कावळे मोजणं बंद कर

अगं,

तुझा मेसेज रात्री दीडला आलाय, म्हणजे तिकडे ट्रॉनहाइमला तू जागीच होतीस. तीनदा वाचला. स्वप्नात एकडोळ्या म्हातारा, म्हणजे ओडिन, जुन्या नॉर्स लोकांचा देव, आला, मग खिडकीत दोन कावळे, मग रून्सचा, म्हणजे जुन्या नॉर्स अक्षरांचा, सेट घेतलास, मीडची, म्हणजे मधाच्या दारूची, अख्खी बाटली नदीकाठी ओतलीस आणि आता आठ महिने सगळं सामसूम. "ताई, ओडिनने मला सोडलं का?"

आधी कावळ्यांचं. बाई, ओडिनचे दोन पक्षी, हुगिन आणि मुनिन, हे रेवन, मोठे काळेकुट्ट, तुझ्या खिडकीत आलेले बहुतेक इथले राखाडी पाठीचे साधे कावळे होते, ते सगळ्यांच्याच खिडकीत येतात. हसू नकोस, मी पण मोजायचे. वही होती माझी, तारीख, वेळ, किती कावळे, कुठल्या बाजूला उडाले. चार वर्षं! त्या वहीत ओडिन कुठेच नाही, नुसती मी आहे, पानापानावर, देवाने मला निवडलंय का एवढंच विचारत बसलेली.

'हावामाल'मधलं, म्हणजे ओडिनच्या बोलांच्या जुन्या नॉर्स काव्यातलं, 119 वं कडवं काढ. त्यात ओडिन लोडफाफनिर नावाच्या पोराला शिकवतोय. भरवशाचा मित्र असेल तर त्याच्याकडे वरचेवर जात जा, कारण ज्या वाटेने कोणी चालत नाही तिच्यावर झुडपं आणि उंच गवत माजतं. बस. वाट तुडव. स्वप्न पडो न पडो, कावळा येवो न येवो, वाट तुडव. आणि 145 वं पण वाच, तिथे सरळ सांगितलंय की अती अर्पण करण्यापेक्षा काही न मागितलेलं बरं, कारण दिलेलं दान परतफेडीकडे डोळे लावून असतं. तू बाटली ओतलीस आणि दुसऱ्या दिवसापासून उत्तराची वाट बघत बसलीस, हा तर आपला नवस झाला, फक्त नारळाऐवजी मीड.

जुन्या नॉर्स लोकांचा शब्द होता 'फुल्त्रुई', ज्याच्यावर पूर्ण भरवसा टाकला तो. आजच्या आइसलँडिकमध्ये त्याचा अर्थ साधा 'प्रतिनिधी' असा उरलाय, पण ते जाऊ दे. माझ्या बर्गनच्या दक्षिणेला मोस्टर बेट आहे, तिथला थोरोल्फ, सागा, म्हणजे जुनी आइसलँडिक कथा, त्याला थोर या देवाचा जिवलग मित्र म्हणते. नॉर्वेच्या राजा हॅराल्डशी बिनसलं, तेव्हा समेट करू की देश सोडू हे त्याने थोरलाच विचारलं, कौल मिळाला तसा निघाला, आणि निघताना देऊळ उतरवून लाकडं तर घेतलीच पण थोरच्या बैठकीखालची माती सुद्धा बोटीत भरली. माती गं! इतकी वर्षं ज्या जागेवर जाऊन बसला ती जागाच उचलली त्याने. मग आइसलँड दिसल्यावर थोरची आकृती कोरलेले खांब समुद्रात सोडले आणि ते जिथे लागले तिथे घर केलं. खांबांची गोष्ट सगळे सांगतात, मातीची कोणी सांगत नाही.

घरचा गणपती ठेवू की नको असं विचारलंयस. ठेव की. हेल्गी माग्री नावाचा माणूस ख्रिस्ताला मानायचा आणि समुद्रात निघाला की थोरला हाक मारायचा, आणि वर स्वतःच्या शेताला ख्रिस्ताचंच नाव दिलं. त्याचं काही अडलं नाही, तुझं का अडावं.

राग आलाय म्हणतेस, तर राग कर. जुना आइसलँडिक कवी एगिल, त्याचा मुलगा बोडवार बुडून गेला तेव्हा एगिल उपाशी मरायचं ठरवून खोलीत जाऊन पडला. त्याची मुलगी थोरगेर्ड आली, म्हणाली मी पण तुमच्याबरोबर मरते, आणि समुद्रातलं शेवाळ चघळायला लागली, त्याला पण दिलं. खारट खाऊन तहान लागली, पाणी म्हणून शिंगातून आलं ते दूध! उपास मोडला. मग ती म्हणाली आता कविता कर, मी रून्समध्ये कोरते. त्या कवितेत तो ओडिनला तोंडावर सांगतो, तुझ्यावर भरवसा ठेवला आणि तू दोस्ती मोडलीस, मी काही हौसेने तुला पूजत नाही, पण हो, कवितेची देणगी तुझीच. आपल्याकडे नामदेव भांडतात तसंच हे, आपल्याला नवीन नाही. पण भांडायला सुद्धा दारापर्यंत जावं लागतं ना?

माझं म्हणशील तर दर बुधवारी, नॉर्वेजियनमध्ये ओन्सदाग म्हणजे ओडिनचाच वार, सहा चाळीसच्या बसआधी कान तुटलेल्या निळ्या कपात दोन घोट कॉफी खिडकीबाहेर ठेवते. संध्याकाळपर्यंत त्यात कॉफी किती आणि बर्गनचा पाऊस किती कळत नाही. ती खालच्या रोवनच्या झाडाला ओतते. काही मागत नाही. बहुतेक बुधवारी काही वाटतही नाही, खरं सांगते. तरी जाते.

हे सगळं मला शिकवलं ती ऑफिसातली, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी. तो कप तिचाच. रिटायर होऊन उत्तरेला गेली, ट्रॉम्सच्याही पुढे, आणि दर उन्हाळ्यात कार्ड पाठवायची, ऑगस्टमध्ये ये, मुल्ते, ती उत्तरेकडची पिवळी बेरी, पिकतात. मी गेले नाही. मुलाची शाळा होती, तिकीट महाग होतं, आणि एक वर्ष तर मी खरंच आजारी होते, आणि फोन तीही करू शकली असती, दोन्ही बाजूंनी चालावं लागतं की नाही? गेली तीन वर्षं कार्ड नाही. आत्ता तुला 119 वं कडवं लिहिताना लक्षात आलं की ते मुळात माणसांबद्दल आहे, मित्राच्या घराकडे जाणाऱ्या वाटेबद्दल, आणि मी ते इतकी वर्षं खिडकीतल्या कपावर खर्च केलं. तो कप मी एक बुधवार चुकवलेला नाही, हे मात्र खरंय, त्याला कोणी नावं ठेवू नये.

मघाशी तिकिटं बघितली. ओस्लोला विमान बदलावं लागतं.

तू बुधवारी काय ठेवलंस ते कळव. कावळ्यांचं नको.

ताई