संध्याकाळी सहा वाजता तुमची बस कुठे असेल?

प्रश्न : ताई, आम्ही नागपूरचे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी, माझे मिस्टर, चौदा आणि नऊ वर्षांची मुलं आणि ७१ वर्षांच्या सासूबाई असे कोकणात जायचं म्हणतो आहोत. मुलांनी अजून समुद्र पाहिलेला नाही. दोन सहलींची पत्रकं सोबत पाठवते. पहिली सहा दिवसांची : ४५ जणांची बस, गणपतीपुळ्यापासून गोव्यापर्यंत १७ ठिकाणं, माणशी साडेअठरा हजार. दुसरी पाच दिवसांची : बाराच माणसं, चारही रात्री मुक्काम मालवणजवळच्या देवबागला, सोबत तिथलाच माहीतगार, ठिकाणं जेमतेम सात आणि माणशी तेवीस हजार. मिस्टर म्हणतात, जास्त पैसे देऊन कमी का बघायचं? सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण सिंधुदुर्गातलं महाराजांचं मंदिर त्यांना बघायचंच आहे. मला एकदा दशावतार बघायचा आहे. कोणती सहल घ्यावी?

उत्तर : दुसरी घ्या. तुमच्या मिस्टरांची शंका रास्त आहे, म्हणून हिशेब मांडून सांगते.

पहिल्या पत्रकातला चौथा दिवस मी पेन हातात घेऊन वाचला. सकाळी सातला रत्नागिरी सोडायची. वाटेत कुणकेश्वर, मग जेवण, मग मालवण, सिंधुदुर्ग किल्ला, रॉक गार्डन, तारकर्लीचा किनारा आणि रात्री झोपायला सावंतवाडी. ४५ माणसं चढता-उतरताना लागणारा वेळ धरला तर मालवणात पोचायला दुपारचे दोन वाजतात. नाताळच्या गर्दीत होडीची रांग, किल्ला आणि परतीची होडी यात अडीच-तीन तास जातात. डिसेंबरात आमच्याकडे सूर्य सहा-सव्वासहाला बुडतो. म्हणजे तारकर्लीच्या वाळूत मुलांचे पाय पडतील तेव्हा अंधारायला लागलेलं असेल. समुद्राची पहिली भेट त्याआधी गणपतीपुळ्याला झालेली असेल, तीही दीड तासाची, आणि तिथलं पाणी ओढीचं. ज्यांनी लाट कधी अंगावर घेतली नाही अशा मुलांना तिथे पाण्यात सोडू नका, एवढं आधीच सांगून ठेवते.

माझं माहेर देवबाग. वडील रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार होते. पुढे अकरा वर्षं मी अशाच मोठ्या बसबरोबर टूर मॅनेजर म्हणून फिरले. एका डिसेंबरात ४२ माणसं घेऊन मालवणच्या जेट्टीवर पोचले तेव्हा पावणेपाच झाले होते. वारा सुटला होता. ओळखीच्या होडीवाल्याला मी हातापाया पडून विनवलं. तो म्हणाला, ‘‘बाये, वारो सुटलो हा. आता मी होडी सोडूचंय नाय.’’ त्याचं बरोबरच होतं. आमच्या बसमध्ये पुण्याच्या एक आजी होत्या. महाराजांच्या मंदिरात ठेवायला त्यांनी घरून नारळ आणला होता, रुमालात बांधून. त्यांनी जेट्टीवरूनच किल्ल्याकडे बघून हात जोडले आणि नारळ माझ्या हातात दिला : ‘‘तू परत येशील तेव्हा ठेव.’’ मी तो ठेवला, पंधरा दिवसांनी. पण आजी जेट्टीवरूनच परत गेल्या, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून कोणी सहलीचं पत्रक दाखवलं की मी ठिकाणं मोजत नाही. प्रत्येक दिवशी संध्याकाळी सहाला आणि सकाळी सातला माणसं कुठे असणार, तेवढं बघते. किनाऱ्यावर जे काही घडतं ते याच वेळांना घडतं, आणि नेमकी तेव्हा मोठी बस रस्त्यावर असते.

सासूबाईंचं आधी बघू. किल्ल्यात चालणं फार नाही, अवघड आहे ते होडीत चढणं-उतरणं. होडी हलत असते आणि पायरी ओली असते. म्हणून त्यांना सकाळच्या पहिल्या होडीनं न्या. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, पाणी शांत असतं. दुपारनंतर खारा वारा सुटतो आणि होडी डुलायला लागते. देवबागला मुक्काम असेल तर आठला जेट्टीवर पोचता येतं. रत्नागिरीहून येणाऱ्याला कसं पोचता येईल?

किल्ल्यासाठी दोन तास तरी द्या. कुरटे बेटावर महाराजांनी पायाचा दगड बसवला तो २५ नोव्हेंबर १६६४ ला. ४८ एकरांचा हा किल्ला, पण होडी अगदी जवळ जाईपर्यंत दरवाजा दिसत नाही. तटाच्या वळणात तो असा लपवला आहे की नऊ वर्षांच्या मुलाला ‘शोध बघू’ म्हणावं आणि त्याला खरंच शोधू द्यावं. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. शिवराजेश्वराच्या मंदिरात महाराजांची बसलेली मूर्ती आहे, दाढी नसलेली. सासूबाईंना तिथे निवांत बसू द्या. किल्ल्यात आजही काही कुटुंबं राहतात, त्यांच्याकडे कोकम सरबत मिळतं.

आता दशावतार. पहिल्या पत्रकात ‘पारंपरिक लोककला कार्यक्रम’ असं लिहिलंय. तो हॉटेलच्या हिरवळीवर जेवणाआधी चाळीस मिनिटांचा असतो. मी त्याला नावं ठेवणार नाही, कलाकाराला त्याचे पैसे मिळतात आणि ते मिळायलाच हवेत. पण तुमची इच्छा त्यानं पुरी होणार नाही. कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास आमच्या गावागावांत जत्रा सुरू होतात, त्या पुढे महिनोन्महिने चालतात. दिवस इंग्रजी तारखेवर नसतो, तिथीवर असतो. आंगणेवाडीची तर तिथीसुद्धा ठरलेली नाही, देवीचा कौल घेऊन दरवर्षी दिवस ठरतो. जत्रेच्या रात्री ओटी भरायची रांग असते, मग पालखी निघते आणि अकरा-बाराच्या पुढे देवळासमोर पडदा लागतो. आधी आडदशावतार. त्यात गणपती येतो, सरस्वती येते, आणि काळ्या वेशातला, लोंबत्या लाल जिभेचा संकासुर येतो. मग आख्यान लागतं, ते पहाटेपर्यंत. साथीला पायपेटी, मृदंग, झांज. बायकांची कामं पुरुषच करतात. लिहिलेली संहिता नसते. कोणतं आख्यान ते ठरलं की संवाद ज्याचा त्यानं रंगमंचावर उभा करायचा. उजाडता उजाडता दहीहंडी फुटते, म्हणून आमच्याकडे दशावतार बघायला जाणं म्हणजे ‘धयकालो बघूक’ जाणं.

मी लहानपणी आईच्या मांडीवर गोणपाट पांघरून झोपायचे आणि संकासुर आला की आई हलवून उठवायची. तो प्रेक्षकांत घुसून कोणाच्याही डोक्यावर टपली मारायचा. सहलीच्या माणसाला फोन करून विचारा : त्या चार रात्रींत जवळच्या कोणत्या गावची जत्रा आहे आणि तो तिथे तुम्हाला नेऊन पहाटे परत आणेल का? उत्तरात गावाचं नाव आलं तर माणूस खरा. रंग लावणाऱ्या नटांना दोन मिनिटं बघता आलं तर बघा, प्रत्येकजण आपला चेहरा आपणच रंगवतो. देवांचा पेटारा तिथेच पूजेला मांडलेला असतो, चपला बाहेर काढा. सासूबाईंसाठी घडीची खुर्ची आणि शाल न्या, डिसेंबरात पहाटे चांगलं गार असतं.

भरती-ओहोटीचंही विचारा. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते आणि तिथे वाळूचा जो उंचवटा आहे त्याला आता ‘त्सुनामी बेट’ म्हणतात. ओहोटीला मुलं तिथे मनसोक्त हुंदडतात, भरतीला तिथे पाणी. वडिलांनी शिकवलेला हिशेब देते : तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला अकराच्या पुढे. साधारण त्या वाजता पूर्ण भरती, तासाभराचा फरक धरायचा, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब पत्रकाच्या वेळांशी जुळवून बघा. भरतीच्या वेळेला बेट लिहिलेलं असेल तर ते पत्रक टेबलावर बसून लिहिलंय. संगमाच्या टोकाला मात्र मुलांना पाण्यात अजिबात उतरू देऊ नका, तिथे नदी आणि समुद्र दोन्हीकडून ओढ असते. होडीत पाय ठेवण्याआधी लाइफ जॅकेट, मुलांच्या मापाचं.

आणि सकाळ. रापण लागली असेल तर उन्हाआधी किनाऱ्यावर जा. होडीनं अर्धगोल जाळं टाकलेलं असतं आणि वाळूवरून दोन रांगा दोरखंड ओढत असतात. ओढायला हात लावलात तर कोणी नाही म्हणत नाही. माझ्या वडिलांच्या वेळी हात लावणाऱ्याला वाट्यातले चार बांगडे मिळायचे. आता यांत्रिक बोटींमुळे रापणीला मासळी कमी लागते. रिकाम्यासारखं जाळं वर येताना मी पाहिलंय आणि त्यामागचे चेहरेही. मुलांना ते दिसलं तर दिसू द्या.

बाकीचं भराभर. पहिल्या किंवा शेवटच्या दिवशी कुडाळ स्टेशनपासून जवळच पिंगुळी आहे, तिथे ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या बघता येतात. ही कला जपणाऱ्या परशुराम गंगावणेंना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. सहलीत नसेल तर मागून घ्या. चौदा वर्षांच्याला स्कूबा करायचं असेल तर पोहता येणं जरुरीचं नाही, पण एका माणसामागे एक प्रशिक्षक हवा, आणि दमा किंवा कानाचं दुखणं असेल तर नको. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, पोवळ्यावर पाय ठेवायचा नाही हे त्याला आधी सांगा.

पहिली सहल वाईट नाही. ज्यांना एकदाच सगळ्या देवांचं दर्शन घेऊन यायचं आहे त्यांना ती पुरते. तुमच्या पत्रातल्या तीन इच्छा मात्र तिच्यात बसत नाहीत.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलांना घेऊन यायला जमतं ते जून-जुलैतच. एका कंपनीनं ‘कोकण बीच आणि कल्चर’ अशी चार दिवसांची सहल सुचवली आहे. तेव्हा यावं का?

उत्तर : या, पण ती सहल घेऊ नका. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद, स्कूबा बंद, आणि खवळलेल्या पाण्यात घोट्यापर्यंतसुद्धा उतरायचं नसतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीलाही बंदी असते. त्या दिवसांत जे बीच विकतात ते तुम्हाला खोलीच्या खिडकीतून बीच दाखवतील.

तेव्हा कोकण आत सरकलेलं असतं, म्हणून तुम्हीही आत जा. लावणीचे दिवस असतात, गुडघाभर चिखलात मुलांना रोप लावू देणारी घरं आहेत. धामापूरचा तलाव १५३० सालचा, भगवती देवीच्या देवळाच्या पायऱ्या थेट पाण्यात उतरतात. सावंतवाडीत चितार आळीतली लाकडी खेळणी बघा. तिथल्या राजवाड्यात गंजिफा रंगवतात. दशावतारी गंजिफाच्या डावात १२० गोल पानं असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. तुमच्या मुलांना पत्ते खेळता खेळता अवतार पाठ होतील. जेवायला कुळथाची पिठी, उकडा भात, सुके बांगडे आणि फणसाची भाजी मागा. समुद्र बघायचाच असेल तर वेंगुर्ल्याच्या बंदरावरून, वरूनच. सुट्टी चार दिवसांनी लांबवून ऑगस्टात नारळी पौर्णिमा गाठता आली तर मालवणला या, सोन्याचा मुलामा दिलेला नारळ वाजतगाजत समुद्राला वाहतात.

प्रश्न : मी डोंबिवलीची, वय ५२, एकटीच असते. कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायची आहेत. एकटीनं जावं की गटाबरोबर?

उत्तर : तुम्हाला वेळास जवळ पडेल, मंडणगड तालुक्यातलं. तिथे २००२ पासून कासवांची अंडी जपण्याचं काम चालू आहे. आमच्या वेंगुर्ल्याजवळ वायंगणीलाही होतं. दोन्हीकडे गावातल्या घरांत उतरायची सोय होते आणि एकट्या बाईला तिथे जपतात, त्याची काळजी नको. गटाबरोबर जायचंच तर एक रात्रीची सहल घेऊ नका.

अंडी कुंपणातल्या वाळूत ठेवलेली असतात आणि त्यातून पिल्लं निघायला दीड-दोन महिने लागतात. फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत जा. सकाळी आणि संध्याकाळी खड्ड्यावरची टोपली उचलून बघतात. पिल्लं असली तर किनाऱ्यावर सोडतात, नसली तर नसतात, त्याची हमी कोणी देऊ शकत नाही. जो गट हमी देतो त्याच्याबरोबर जाऊ नका. पिल्लाला हात लावायचा नाही आणि मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवायचा. निघण्याआधी ज्या घरी उतरणार त्यांना फोन करून विचारा की घरटी कितव्या दिवसाला आहेत, ते बरोबर सांगतात. दोन रात्री राहा. पहिल्या सकाळी टोपली रिकामी निघाली तरी संध्याकाळ आणि दुसरी सकाळ हाताशी राहते.