गोफुनला भस्म म्हणू नका

प्रश्न आलाय: जपानी फुलांच्या चित्रांत पाकळ्यांना जो पांढरा 'गोफुन' लावतात, त्याला मराठीत 'शिंपल्यांचं भस्म' म्हणावं का?

नका हो! परवा एका व्याख्यानातही हेच ऐकलं. भस्म व्हायला आधी काहीतरी जळावं लागतं. गोफुनसाठी कालवांचे शिंपले वर्षानुवर्षं उन्हापावसात टाकून ठेवतात, मग दळून, पाण्यात निवळून वाळवतात. भट्टी नाहीच. कोकणात शिंपले भाजून करायचे तो चुना. तो हाताला चावतो, गोफुन चावत नाही. आणि 'चुना' हा शब्द संस्कृत 'चूर्ण'चाच लेक, म्हणजे गोफुन चूर्ण आहे पण चुना नाही! असो.

खरी मजा 'गोफुन'मध्येच आहे. 'फुन' म्हणजे पूड. 'गो'चं चिन्ह चिनी 'हू'चं, म्हणजे चीनच्या उत्तरेकडचे आणि पश्चिमेकडचे परके लोक. थोडक्यात, विलायती पूड. आधी हे नाव शिशाच्या सफेद्याचं होतं. मुरोमाची काळापासून (चौदावं ते सोळावं शतक) शिंपल्यांची पूड त्या नावावर येऊन बसली. माल घरचा, नाव परक्याचं. आपली शाई तशीच: फारसी 'सियाही' म्हणजे काळेपणा, तरी आपण खुशाल लाल शाई म्हणतो. (म्हणून गोफुनला 'सफेदा' सुचवणाऱ्यांनी जरा थांबावं. जो माल गेला त्याचंच नाव ते परत आणताहेत.)

हेच 'हू'चं चिन्ह जपानीत तिळाच्या नावात आहे, काकडीत आहे, अक्रोडात आहे आणि मिरीतही, 'कोशो'. मिरी तर मलबारची! तेव्हा त्या 'हू'मध्ये थोडे आपणही आहोत, असं माझं ठाम मत. 'हू म्हणजे फक्त मध्य आशियावाले' असं विद्वान सांगतात. सांगोत बापडे. मिरी काय समरकंदला पिकते?

क्योतोच्या चिशाकु-इन मंदिरात चित्रकार हासेगावा क्यूझोचं चेरीच्या झाडाचं चित्र आहे. क्यूझो 1593 मध्ये ऐन तरुणपणी गेला. त्यातल्या पाकळ्या गोफुनचे थर देऊन इतक्या उठवल्यात की बाजूने पाहिलं तर मागच्या सोन्याच्या वर्खावर फुगवटे दिसतात. त्यासाठी पूड सरसात कणकेसारखी तिंबतात, गोळा करून बशीत शंभरेक वेळा आपटतात, मग पाण्यात विरघळवतात. सरस कमी पडला तर रंग बोटाला लागतो, जास्त झाला तर तडकतो.

हां, मराठी शब्द विचारला होतात. शिंपल्यांची पूड म्हणा. नाहीतर गोफुनच.