चिंधीमागची धाव

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं पळणाऱ्या कुत्र्यांविषयी आहेत, म्हणून या वेळचं पान त्यांनाच देते. नव्या वाचकांसाठी माझी ओळख थोडक्यात. माझं माहेर जत तालुक्यात. वडिलांच्या वस्तीवर एक-दोन कारवान, म्हणजे आपल्याकडची सडपातळ, वेगवान शिकारी कुत्री, कायम असायची. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि पुढची बावीस वर्षं उत्तर इंग्लंडमध्ये, डरहॅम परगण्यात, प्राण्यांच्या दवाखान्यात काढली. तिथे व्हिपेट, म्हणजे ग्रेहाउंडसारखीच पण लहान चणीची कुत्री, पाळली, त्यांची पिल्लं वाढवली, रविवारी शर्यतीत पळवली. आता मिरजेत असते.

माझी कारवान मादी दोन वर्षांची आहे. लांब पल्ल्याला कुणाला ऐकत नाही, पण छोट्या शर्यतीत ग्रेहाउंडच्या क्रॉसपुढे मागे पडते. मित्राकडे ग्रेहाउंड नर आहे. जोड लावावी का? पिल्लांना भावही चांगला येईल. (एक शेतकरी वाचक, जत)

भाऊ, माझ्या माहेरच्या मातीतून पत्र आलं म्हणून आनंद झाला, आणि मजकूर वाचून जीव खाली-वर झाला. लावू नका.

इंग्लंडमध्ये अशा संकराला लर्चर म्हणतात. ती जात नव्हे. एका बाजूला ग्रेहाउंड किंवा व्हिपेट, दुसऱ्या बाजूला मेंढ्या राखणारा कोली नाहीतर बेडलिंग्टन टेरियर. ग्रेहाउंडला वेग आहे, पण कातडी पातळ आणि पल्ला तोकडा. कोलीला डोकं आहे, दम आहे, पाय दणकट आहेत. एकट्या ग्रेहाउंडकडून जे काम होत नव्हतं त्यासाठी तिथल्या लोकांनी हे मिश्रण केलं. माझ्या ओळखीतले जाणते लोक आपल्या कुत्र्याचा हिशोब उघड सांगायचे, ‘पाऊण ग्रेहाउंड, पाव कोली’. लर्चरला ग्रेहाउंड म्हणून विकताना मी कुणाला पाहिलं नाही.

तुमच्या मादीकडे यातलं काय कमी आहे? जतच्या माळावर, मुरमाड रानात, उन्हात पळणारे पाय तिच्याकडे आहेतच. ग्रेहाउंडचं रक्त घालून तुम्हाला मिळणार ते सरळ पट्ट्यातले काही क्षण. जाणार ते पायांच्या गाद्या, दम आणि ऊन सोसण्याची ताकद. शिवाय पहिल्या पिढीची पिल्लं एकसारखी दिसली तरी त्यांची पिल्लं चहूकडे फाकतात. कुणी आजीवर जाईल, कुणी आजोबावर. आणि त्यातली निम्मी बाजारात ‘कारवान’ म्हणूनच विकली जाणार, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी या कुत्र्यांना राजाश्रय दिला, म्हणून कारवानला मुधोळ हाउंडही म्हणतात, आणि 2005 मध्ये त्या नावाने टपाल तिकीट निघालं. त्यांच्याइतकंच मोठं काम ज्यांनी दुष्काळातही आपली शुद्ध मादी विकली नाही त्या धनगरांचं आणि शेतकऱ्यांचं आहे.

फक्त वेगाकडे बघून जोड लावण्याचं फळ मी स्वतः भोगलं आहे. माझी व्हिपेट चांदणी आमच्या डरहॅमच्या शर्यतीच्या क्लबातल्या सगळ्यात वेगवान माद्यांपैकी एक. तिला मी तितकाच वेगवान नर बघितला. 2003 साली सहा पिल्लं झाली. त्यातलं एक तिसऱ्या महिन्यापासूनच वेगळं दिसायला लागलं. मान वासरासारखी, मांड्यांचे गोळे सुटे सुटे दिसणारे, खांदे इतके रुंद की चालताना पाय फाकायचे. व्हिपेटच्या घरात बैल जन्मला होता. तिथल्या एका अनुभवी पैदासकाराने मला ‘याला झोपवून टाका, कुणाला दाखवू नका’ असा सल्ला दिला. मला ते जमलं नाही. त्याचं नाव भीम ठेवलं.

कारण कळायला चार वर्षं गेली. 2007 मध्ये अमेरिकेतल्या एलेन ऑस्ट्रँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हिपेटच्या मायोस्टॅटिन जनुकावरचा शोध प्रसिद्ध केला. मायोस्टॅटिन हे प्रथिन स्नायूंच्या वाढीला आवर घालतं. काही व्हिपेटमध्ये या जनुकातली दोन अक्षरं गळालेली असतात. आई किंवा बाप, एकाकडूनच असा बिघडलेला जनुक आला, तर स्नायू थोडे जास्त भरतात आणि कुत्रं जास्त वेगाने पळतं. दोघांकडून आला, तर भीमसारखं पिल्लू होतं, त्याला तिथे बुली व्हिपेट म्हणतात. म्हणजे मी सगळ्यात वेगवान नर शोधला तेव्हा नकळत तोच बिघाड शोधत होते. असे दोन वाहक एकत्र आले की प्रत्येक पिल्लामागे चारात एक शक्यता बुलीची. आता गालाच्या आतून कापसाच्या काडीने नमुना घेऊन ही तपासणी होते. तेव्हा होत नव्हती.

भीम अकरा वर्षं जगला. स्वभावाने लोण्याचा. मांडीत पेटके यायचे तेव्हा गरम फडक्याने शेकायला लागायचं आणि तो माझ्या हातावर डोकं ठेवून पडून राहायचा. त्याला पाहून माझी जोड निवडण्याची रीतच बदलली. पायाचे पंजे, छातीची खोली, स्वभाव, आई-बाप-भावंडं किती वर्षं निरोगी जगली हे आधी, घड्याळ शेवटी.

तुमच्या मादीसाठी दोन-तीन तालुके फिरा, पण चांगला कारवान नर शोधा. तिच्या नात्यातला नको. पिल्लं विकणार असाल तर 2017 च्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडून विकता येत नाही. आठ आठवडे मला तरी कमीच वाटतात. भावंडांशी खेळताना चावा किती जोरात लागतो ते पिल्लू याच काळात शिकतं.

मी आठवीत आहे. माझं कारवान पिल्लू पाच महिन्यांचं आहे. दादा रोज त्याला मोटारसायकलमागे दोन किलोमीटर पळवतो. आता ते सकाळी पुढचा पाय टेकवत नाही. तेल चोळलं तर बरं होईल का? (सांगोला)

बाळा, तेल नको, आणि मोटारसायकल आजपासून बंद. हे पत्र दादाला मोठ्याने वाचून दाखव.

पाच महिन्यांच्या पिल्लाचं हाड पुरतं हाड झालेलं नसतं. हाडाच्या दोन्ही टोकांजवळ कोवळ्या कूर्चेची पट्टी असते आणि तिथून ते लांब होत जातं. ही पट्टी भरून पक्की व्हायला साधारण वर्ष लागतं, मोठ्या अंगाच्या कुत्र्यात थोडं जास्तच. तोवर डांबरी सडकेवर, एकाच वेगाने, दोरीला बांधून पळवलं की मार त्या पट्टीला बसतो. पट्टी दुखावली तर पाय वाकडा वाढतो, आणि असा पाय मी शस्त्रक्रियेनेही पूर्ण सरळ करू शकले नाही. दोरीला बांधलेलं पिल्लू दमलं तरी थांबू शकत नाही, हे तर आणखी वाईट.

उद्याच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. जमलं तर सांगलीला किंवा पंढरपूरला एक्स-रे काढून घ्या. डॉक्टर सांगतील तितके दिवस त्याला शांत ठेव. माणसाच्या दुखण्याची गोळी चुकूनही देऊ नकोस, त्यातल्या काही कुत्र्याच्या पोटात जखम करतात.

पाय बरा झाल्यावर त्याला मऊ रानात मोकळं खेळू दे. नांगरट केलेलं नको, पाय मुरगळतो. पळावंसं वाटलं की ते पळेल, दमलं की बसेल. डरहॅमच्या आमच्या क्लबात वर्षाच्या आतलं कुत्रं शर्यतीला उतरवू द्यायचे नाहीत, आणि माझा नियम त्याहून कडक होता, पंधरा महिने. त्या पंधरा महिन्यांत मी फक्त एक खेळ शिकवायची: चिंधी हलवायची, नावाने हाक मारायची, आलं की मिठी आणि उकडलेल्या काळजाचा तुकडा. तू एवढं केलंस तरी पुष्कळ. भाकरी ताकात कुस्करून देतोस असं लिहिलं आहेस, माझे वडीलही तेच द्यायचे. वाढत्या पिल्लाला त्यासोबत रोज अंडं किंवा थोडं मटण हवं.

लंडनहून परतताना आम्ही आमची व्हिपेट सोबत आणली. सोसायटीतले लोक म्हणतात, ‘कुत्रीला उपाशी ठेवता का?’ पुढच्या महिन्यात तिची नसबंदी आहे. काही वेगळी काळजी? (पुणे)

ताई, शेजाऱ्यांना सांगा की शेवटच्या दोन-तीन बरगड्या आणि कमरेची दोन हाडं दिसणं हीच निरोगी व्हिपेटची खूण. पाठीच्या कण्याचे मणी टोचत असतील तर मात्र ती खरंच बारीक आहे. लोकांच्या बोलण्याने तिला गुटगुटीत करू नका, तो भार सांध्यांवर जातो.

नसबंदीबद्दल विचारलंत ते फार बरं केलंत. या कुत्र्यांच्या अंगात चरबी कमी असते. ग्रेहाउंडमध्ये तर काही भुलीची औषधं यकृतातही सावकाश मोडतात. थायोपेंटोनसारखं जुनं बार्बिट्युरेट दिलं की इतर कुत्री तासाभरात उठतात, ही अर्धा दिवस गुंगीत राहू शकतात. वडिलांची रूपा नावाची मादी अशीच एका शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी उठली. आम्ही सगळे रात्रभर तिच्याभोवती गोधड्या घेऊन बसलो होतो. मी पशुवैद्य व्हायचं त्या रात्री ठरवलं. आता सुरक्षित औषधं आणि श्वासातून देण्याची भूल आहे. डॉक्टरांना आधीच स्पष्ट विचारा की हाउंड जातीला कोणती भूल देणार, आणि शस्त्रक्रियेनंतर तिला उबदार ठेवणार ना. रक्ताच्या तपासणीत लाल पेशी जास्त आणि प्लेटलेट थोड्या कमी आल्या तर घाबरू नका, ग्रेहाउंडच्या कुळात ते नेहमीचं आहे, पण अहवाल डॉक्टरांना दाखवाच. टाक्यांना जीभ लागू नये म्हणून गळ्यात कोन घाला. कातडी कागदासारखी असते, टाके सहज उसवतात.

आमच्या यात्रेत पूर्वी ससा सोडून कुत्री पळवायचे. आता तरुण मंडळींना तसं नको आहे, पण शर्यत हवी आहे. तुम्ही तिकडे कशी घेत होता? (यात्रा समितीचे एक सदस्य, आटपाडी तालुका)

तुमच्या तरुणांना माझा नमस्कार कळवा. ससा सोडणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहेच. इंग्लंडमध्येही 2004 च्या कायद्याने सशामागे कुत्री सोडण्याच्या शर्यती बंद झाल्या, तो 2005 च्या फेब्रुवारीत लागू झाला. ग्रेट ऑल्टकारची वॉटर्लू कप ही त्यांची सर्वांत नावाजलेली स्पर्धा त्याच महिन्यात शेवटची झाली. माझ्या ओळखीचे काही म्हातारे तेव्हा हळहळले. मला आनंद झाला होता, आणि मी तो त्यांच्यापासून लपवला नाही.

तुमच्या उपयोगाची रीत वेगळी आणि गरिबांची आहे. एकोणिसाव्या शतकात डरहॅम, यॉर्कशर, लँकेशरच्या कोळसा खाणीतले मजूर व्हिपेट पळवायचे. घोडा परवडत नव्हता, म्हणून व्हिपेटला ‘गरिबाचा शर्यतीचा घोडा’ हे नाव पडलं. केनेल क्लबने या जातीची नोंद 1891 मध्ये घेतली, त्याआधीपासून खाणकामगारांच्या गल्ल्यांत शर्यती रंगत होत्या. सरळ दोनशे यार्डांचा पट्टा. सुरुवातीला कुत्रं धरणारा माणूस, शेवटाला मालक हातात चिंधी घेऊन जिवाच्या आकांताने ओरडत उभा. पिस्तूल वाजलं की धरणारा कुत्र्याला पुढे झोकून द्यायचा आणि ते मालकाकडे झेपावायचं. चांगलं व्हिपेट बाराएक सेकंदांत पोचायचं. सशाची गरजच नाही. कुत्रं आपल्या माणसाकडे पळतं.

झोकून देणं तेवढं वगळा, नुसतं सोडा. पट्टा दीडशे-दोनशे मीटरचा, सपाट, खडे-काटे वेचलेला, बाभळीची एक काडीसुद्धा नको. शेवटच्या रेषेनंतर आणखी साठ-सत्तर मीटर मोकळं रान ठेवा, कारण भरधाव कुत्र्याला थांबायला जागा लागते आणि जास्त पाय मोडतात ते इथेच. प्रत्येक कुत्र्याला मुस्की घाला. चिंधीवर दोघे एकदम तुटून पडले की कातडी फाटायला क्षण पुरतो. लहान-मोठी एकत्र पळवू नका, वजनाने गट पाडा. वर्षाखालचं पिल्लू, लंगडणारं, माजावर आलेली किंवा गाभण मादी दारातूनच परत पाठवा, मालक कितीही मोठा असला तरी. कुत्र्यामागे मोटारसायकल नको. एका कुत्र्याला दिवसात दोनच धावा, मध्ये तासाची विश्रांती. पशुसंवर्धन विभागाला आणि पोलिसांना आधी लेखी विचारून ठेवा, आणि मैदानावर डॉक्टर नसेल तर शर्यत घेऊ नका.

सगळ्यात जपायचं ते ऊन. सुटलेल्या कुत्र्याचं अंग धावल्यावर एकेचाळीस अंशांपर्यंत तापतं, आणि त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापेनेच ते निवतं. तुमची यात्रा चैत्रात. शर्यत उजाडताच सुरू करा आणि नऊच्या आत संपवा. सावलीत पाण्याची पिंपं ठेवा. धावून आलेल्याला आधी हळूहळू चालवा, घोटघोट पाणी पाजा, पोटावर, मांड्यांच्या आत आणि पंजांवर गार पाणी ओता. डोळे फिरले, पाय लटपटले, हिरड्या लालभडक झाल्या तर वाट बघू नका, पाणी ओततच डॉक्टरांकडे न्या. आदल्या रात्री हलकं खाणं, सकाळी पोट रिकामं.

तारीख ठरली की मला कळवा. मिरजेहून पहाटे निघाले तर वेळेत पोचेन. मुस्क्या दाखवायला आणि वजनकाटा घेऊन येईन.