टाकीत उतरण्याआधी
ऐरोलीहून पहाटे निघून युद्धनौकेच्या दुरुस्तीला जाणार असशील, तर आधी गॅस मीटरची, म्हणजे हवेतले वायू मोजणाऱ्या यंत्राची, सवय लाव. महिनोन्महिने बंद असलेली बॅलास्ट टाकी (जहाजाचा तोल राखायला पाणी भरतात ती) रिकामी दिसते, पण गंजणारं लोखंड आतला ऑक्सिजन खाऊन टाकतं. मीटरची नळी आत सोडून वर, मध्ये, तळाशी असं तीनदा मोज. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू हवेपेक्षा जड, खाली साचतो. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्के असायला हवा. तो कमी असला की ज्वलनशील वायूचा आकडाही फसवा येतो, म्हणून आधी ऑक्सिजनच बघ. वासावर तर मुळीच जाऊ नकोस, सल्फाइड वाढला की नाकच बधिर होतं. मॅनहोलशी, म्हणजे टाकीत उतरायच्या तोंडाशी, एक माणूस कायम; आतला कोसळला तरी बाहेरच्याने मदत बोलवायची, स्वतः उतरायचं नाही. हवा खेळती ठेवणारा ब्लोअर चालूच. जेवून आलात की पुन्हा मोजणी, आत उतरायचं परमिट तेच असलं तरी.