१२ हप्त्यांचा नवीन लॅपटॉप की जुन्यावरच लिनक्स?

धनकवडीहून एका ताईंनी विचारलंय. घरात २०१० चा लॅपटॉप आहे, भावाने वापरून दिलेला, पहिल्या पिढीचा कोअर आय थ्री, ३ जीबी रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क आणि त्यावर अजूनही विंडोज ७. मुलगी एसवाय बीकॉमला आहे, तिला नोट्स, एक्सेल, ऑनलाइन लेक्चर आणि टॅली हे हिशोबाचं सॉफ्टवेअर लागतं. ताईंचा घरगुती डब्यांचा व्यवसाय आहे, त्याचा हिशोब आणि नेटबँकिंगसुद्धा ह्याच मशीनवर. दुकानदार ४२,००० चा नवीन लॅपटॉप क्रेडिट कार्डावर १२ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयने देतोय, मिस्टर म्हणतात एफडी मोडू, आणि भाचा म्हणतोय काहीच घेऊ नका, मी लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम, टाकून देतो. मिस्टरांचा भोसरीच्या कंपनीतला पगार आणि डब्यांचे मिळून महिन्याला ४८,००० येतात, फ्लॅटचा हप्ता १४,०००, स्कूटरचा ३,१०० जो अजून ७ महिने आहे, सगळं जाऊन ४,००० च्या आसपास उरतात, आणि अडीनडीला ६०,००० ची एकच एफडी.

ताई, आधी उत्तर सांगतो. भाच्याचं ऐका, पण एका अटीवर, की जुन्या मशीनवर ४,००० च्या वर एक रुपयाही जाणार नाही, आणि नवीनसाठी ह्याच महिन्यापासून वेगळे पैसे बाजूला पडायला लागतील. एफडीला हात लावू नका.

एफडीचं आधी बोलतो कारण मला जास्त काळजी तिची वाटते. तुमचा महिन्याचा खर्च हप्ते धरून ४४,००० आहे, म्हणजे ६०,००० ही दीड महिन्याचीसुद्धा बेगमी नाही. त्यातले ४२,००० काढले की १८,००० राहतात, आणि उद्या कंपनीत ब्रेक आला किंवा घरात कोणाला ॲडमिट करावं लागलं तर फ्लॅटचा एक हप्ता भरून संपतील ते. मुदतीआधी मोडल्यावर बँक व्याजातनं अर्धा-एक टक्का कापते ते तर किरकोळ आहे हो, खरं नुकसान म्हणजे एकदा मोडलेली एफडी तुमच्या ४,००० च्या शिलकीतून परत उभी करायला दहा-अकरा महिने जातात आणि तेवढे महिने तुम्ही उघड्यावर.

आता नो-कॉस्ट ईएमआय. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, ते कुठेतरी लपवलेलं असतं. तुमच्या केसमध्ये महिन्याला ३,५०० आहेत, बँकेचा दर १५ टक्के धरला तर ह्या १२ हप्त्यांमध्ये साधारण ३,२०० रुपये व्याजाचेच बसतात, म्हणजे त्या मशीनची रोखीची किंमत ३८,८०० च्या जवळ असायला हवी आणि दुकानदाराला रोखीत हीच सूट नक्की मागून बघा. वर त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो तो तुमच्याच कार्डाच्या बिलात येतो, साधारण ५८० रुपये, प्रोसेसिंग फी वेगळी. रक्कम फार मोठी नाही हे मान्य. पण ४,००० उरतात त्यातले ३,५०० वर्षभर बांधले गेले की उरले ५००, आणि गॅस सिलिंडर, मुलीची परीक्षा फी, दिवाळी हे सगळं त्या ५०० मध्ये बसणार नाही, मग तेच कार्ड परत घासलं जातं आणि तिथे व्याज वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास जातं. असे हिशोब माझ्याकडे सतत येतात, त्यात पहिली वस्तू बहुतेक वेळा गरजेचीच असते, घसरण नंतर होते.

मशीनकडे वळू. तुमच्या मेलमध्ये एक वाक्य आहे की दुकानदार म्हणाला हा ३२ बिटचा लॅपटॉप आहे, ह्यावर आता काहीच चालणार नाही. हे बरोबर नाही. ३२ आणि ६४ बिट म्हणजे प्रोसेसर एका वेळी किती माहिती हाताळतो त्याचं माप, ३२ जुनं, ६४ आताचं. तुमच्या मशीनवर टाकलेलं विंडोज ३२ बिटचं आहे, प्रोसेसर ६४ बिटचा आहे, कोअर आय थ्री सगळेच ६४ बिट आहेत. त्या काळी ३ जीबी रॅमच्या मशीनला सर्रास ३२ बिट विंडोज टाकून द्यायचे. ह्याने फार फरक पडतो, कारण खऱ्या ३२ बिट मशीनला आता लिनक्समध्येही पर्याय कमी होत चाललेत, डेबियन ह्या लिनक्सच्या एका प्रकाराने २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिटचा इन्स्टॉलर देणं थांबवलं, क्रोमने तर लिनक्सवर ३२ बिट २०१६ लाच सोडलं. तुम्हाला ती अडचण नाही. लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती आहे ती २ जीबीवर चालू होते, ४ जीबी असावी असं ते स्वतः सांगतात, आणि तिला अपडेट २०२९ पर्यंत मिळणार आहेत. त्याहून हलकं हवं तर लुबुंटू किंवा अँटीएक्स आहे, पण घरात तिघं वापरणार असाल तर मी मिंट म्हणेन, मांडणी विंडोजसारखी आहे, खाली डाव्या कोपऱ्यात मेन्यू, कोणाला शिकवावं लागत नाही.

हे सगळं फुकट आहे म्हणून भाच्याला उत्साह आलाय, पण मला त्यात पैशाचा जो मुद्दा दिसतो तो वेगळाच आहे. तुम्ही विंडोज ७ वर नेटबँकिंग करताय. त्याची सुरक्षा अपडेट्स १४ जानेवारी २०२० ला बंद झाली, क्रोमनेही २०२३ च्या फेब्रुवारीत त्याला सोडलं. म्हणजे इतकी वर्षं त्यात सापडलेली भोकं तशीच आहेत आणि त्याच मशीनवर तुमचा बँकेचा पासवर्ड रोज टाइप होतोय. डब्यांचे सगळे पैसे ज्या खात्यात येतात ते खातं! नवीन लॅपटॉप घ्या किंवा घेऊ नका, विंडोज ७ वरचं बँकिंग आजपासून बंद, तोपर्यंत फोनवरनं बँकेचं ॲप वापरा. आणि कधी काही गडबड दिसलीच तर लगेच बँकेला आणि १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर रिझर्व्ह बँकेच्या नियमात ग्राहकाला संरक्षण आहे, उशीर केला की ते कमी होत जातं. दुकानदार कदाचित म्हणेल विंडोज १० टाकून देतो ५०० रुपयांत, ते नको, त्याचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, आणि विंडोज ११ तुमच्या मशीनवर नियमात बसतच नाही.

पैसे कुठे घालायचे तर तुम्ही पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतनं आणलेला भाव लिहिलाय, २५६ जीबी एसएसडी (फिरणारी तबकडी नसलेली वेगवान डिस्क) २,२००, जुनी ४ जीबी डीडीआर थ्री रॅम ९००, बसवायचे ३००. एकूण ३,४००. ह्यातली एसएसडी आधी घ्या. तुमचं मशीन रेंगाळतंय त्यात मोठा वाटा त्या फिरणाऱ्या हार्ड डिस्कचा आहे, लिनक्स कितीही हलकं असलं तरी फाइल त्या तबकडीवरूनच यायची असेल तर मुलगी आठवड्यात कंटाळेल. शिवाय एसएसडीचे पैसे वाया जात नाहीत, लॅपटॉप उद्या मेला तरी चारशे-पाचशेच्या केसमध्ये घालून तीच बाहेरची डिस्क म्हणून नवीनला लावता येते. रॅमचं तसं नाही, डीडीआर थ्री नव्या मशीनला लागत नाही, ते ९०० ह्याच लॅपटॉपबरोबर संपणार. म्हणून आधी आहे त्या ३ जीबीवर चालवून बघा, ब्राउझरमध्ये पाच-सहा टॅब उघडून अडकत असेल तरच घ्या. आणि बॅटरी नवीन टाकायच्या भानगडीत पडू नका, चार्जर लावून वापरा, फक्त बॅटरी फुगलीय का बघा, फुगली असेल तर काढूनच टाका.

एक रुपया खर्च करायच्या आधी मात्र भाच्याला ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट टाकायला सांगा. त्यावरनं लॅपटॉप सुरू करता येतो, आतल्या डिस्कला काहीही न करता, थोडं हळू चालेल पण सगळं दिसेल. अर्धा तास बसून बघा, वायफाय लागतंय का, काही जुन्या वायफाय चिप्सना ड्रायव्हर वेगळा घालावा लागतो. आवाज येतोय का. तुमचा प्रिंटर चालतोय का, हे विसरू नका कारण घराघरात तो कॅननचा एलबीपी २९०० असतो आणि लिनक्सवर त्याने बऱ्याच जणांना दमवलंय, एचपीचे बहुतेक विनातक्रार चालतात. लेक्चरचा व्हिडिओ अडखळला तर क्वालिटी ७२० किंवा ४८० वर आणा, यूट्यूब आता ज्या फॉरमॅटमध्ये व्हिडिओ पाठवतं तो उलगडायची सोय ह्या जुन्या चिपमध्ये नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो, त्यासाठी ब्राउझरला एच २६४ हा जुना, हलका फॉरमॅटच वापरायला लावणारं छोटं एक्स्टेन्शन मिळतं ते भाचा टाकेल. डब्यांची यादी तुम्ही मराठीत टाइप करता ना, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यात आहे. अडलंच तर पुण्यात लिनक्सवाल्यांचा प्लग म्हणून जुना ग्रुप आहे, इंजिनिअरिंग कॉलेजांतली पोरंही आनंदाने मदत करतात. फोटो आणि हिशोबाच्या फाइल्स मात्र आधी दुसरीकडे काढून ठेवा, हे दोनदा तपासा.

आता अडचणीची गोष्ट, टॅली. ते विंडोजचं सॉफ्टवेअर आहे, लिनक्सवर सरळ चालत नाही, आणि खटपटी करून चालवलेल्या टॅलीवर परीक्षेची तयारी करा असं मी सांगणार नाही. मुलीला विचारा टॅली नक्की किती वेळ लागतं. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा क्लासमध्ये आठवड्याला दोन-तीन तास मिळत असतील तर ह्या वर्षाचं भागतं. टॅलीचा फुकटचा एज्युकेशनल मोड आहे पण त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ ह्याच तारखांच्या एंट्री होतात, तो मैत्रिणीकडे बसूनही करता येईल. एक्सेलसाठी लिब्रेऑफिसचं कॅल्क आहे, बीकॉमच्या असाइनमेंटला पुरतं, मॅक्रोवाल्या फाइल्स तेवढ्या फसतात. कॉलेजची ऑनलाइन परीक्षा बाकी सगळं लॉक करणाऱ्या एखाद्या ब्राउझरमधून होत असेल तर तेही आधी विचारून घ्या, सेफ एक्झाम ब्राउझरसारखी सॉफ्टवेअर लिनक्सवर नाहीत.

म्हणूनच मी जुनं मशीन कायमचं म्हणत नाहीये, त्याच्याकडून एक वर्ष मागतोय. जे ३,५०० तुम्ही ईएमआयला द्यायला तयार होतात तेच आरडीत टाका, साडेसहा टक्के धरले तर १२ महिन्यांनी ४३,४०० च्या पुढे जातील. हप्ता चुकवला तर क्रेडिट स्कोअर बिघडतो, आरडीचा एखादा महिना अडला तर थोडासा दंड, संपलं. दिवाळीच्या महिन्यात १,००० च टाकायचेत असं वाटत असेल तर फ्लेक्सी आरडी बघा, काही बँका देतात. सात महिन्यांनी स्कूटर फिटली की ते ३,१०० घरखर्चात विरघळू देऊ नका, थेट अडीनडीच्या एफडीकडे. वर्षाने मुलगी टीवायला असेल, तेव्हा कळेल तिला सीए करायचंय, नोकरी बघायचीय की आणखी काही, आणि मशीन त्याप्रमाणे घेता येईल. नोकरी लागली तर बऱ्याच ठिकाणी कंपनीच लॅपटॉप देते.

माझं मत दोनच गोष्टींनी बदलेल. मुलीला आत्ताच कुणाकडे अकाउंट्सचं पैसे देणारं काम मिळत असेल आणि त्याला टॅली रोज लागत असेल, किंवा पेनड्राइव्हवरनं बघताना मशीनच मध्येच बंद पडत असेल, गरम होत असेल, स्क्रीन जात असेल. मग जुन्यावर ३,४०० सुद्धा घालू नका. तेव्हाही ४२,००० चं नवीन नको, चांगला रिफर्बिश्ड, म्हणजे तपासून-दुरुस्त करून परत विकलेला जुना लॅपटॉप बघा, इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा, म्हणजे विंडोज ११ रीतसर चालेल, ८ जीबी रॅम, एसएसडी, दुकानाची लेखी वॉरंटी आणि जीएसटीचं बिल. २०,००० च्या आसपास बसवता आलं तर त्यासाठी एफडी मोडायची नाही, एफडीवर कर्ज घ्या, बँका साधारण एफडीच्या दरावर एक-दोन टक्के जास्त लावतात, आणि ३,५०० प्रमाणे सहा महिन्यांत फिटतं.

येत्या रविवारी भाच्याला बोलवा आणि पेनड्राइव्हवर बघून मला तीन गोष्टी कळवा, वायफाय, प्रिंटर, आणि टॅली आठवड्याला किती तास. रॅम घ्यायची की नाही ते त्यावर ठरवू. आरडी मात्र सोमवारीच सुरू करा, तिला ह्या तिन्हींची वाट बघायची गरज नाही.