आधी काय, मग काय

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद. पत्रास कारण की, तुझे चार पानी पत्र संक्रांतीच्या आदल्या दिवशी मिळाले आणि ते मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात समाधान वाटले, कारण हाताने चार पाने लिहिणारे शिक्षक आता विरळा. दुसऱ्या वाचनात मात्र थोडा राग आला, आणि तो कशाचा हे सांगण्यासाठीच हे उत्तर आहे. तू लिहितेस की तुझ्या वर्गाच्या पटावर अठ्ठावीस मुले आहेत, त्यांपैकी अकरा दिवाळीपासून आईबापांच्या मागे ऊसतोडीला साखर कारखान्याच्या तळावर गेली आहेत, आणि अशा दिवसांत प्रशिक्षणाला बोलावून तुम्हांला फिनलंडमधील शाळांची चित्रफीत दाखवण्यात आली. सातव्या वर्षी शाळा, पंचेचाळीस मिनिटांच्या तासानंतर पंधरा मिनिटांची सुट्टी, वर्गात वीसेक मुले, परीक्षांचा धाक नाही. ते पाहून तुला स्वतःच्या शाळेची लाज वाटली, आणि आता तू विचारतेस की घटक चाचण्या बंद कराव्यात, की राजीनामा देऊन तिकडेच शिकायला जावे.

तुला उमेद देण्याचे काम मी करणार नाही. जिने पसंतीक्रम भरताना स्वतःहून रस्त्यापासून दूरची शाळा निवडली, तिला माझ्या उमेदीची गरज नाही. तू चित्रफीत पाहिलीस, पण त्या लोकांनी आधी काय केले आणि मग काय केले, हे कोणाला विचारलेस का? राग आला तो याचा. हा प्रश्न मी या पत्रात पुन्हा पुन्हा विचारणार आहे. कंटाळा आला तरी वाच.

१९७२ हे दुष्काळाचे साल काय होते ते आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. मी तेव्हा चौथीत होतो. आईवडील पाझर तलावाच्या कामावर होते, लाल मिलोची भाकरी आणि कामावर मिळणारी सुकडी यांवर घरातील पाच तोंडे जगत होती, आणि शाळा उघडी असूनही वर्ग रिकामे होते. त्याच वर्षी फिनलंडच्या उत्तर टोकाला, लॅपलंडमध्ये, त्यांची नवी समान शाळा सुरू झाली. त्याआधी तिथेही अकराव्या वर्षाच्या सुमारास मुलांची वाटणी होत असे: काहींना विद्यापीठाकडे नेणारी, बहुधा फी घेणारी शाळा, उरलेल्यांना साधी शाळा आणि मग काम. १९६८ च्या कायद्याने ही वाटणी मोडायचे ठरले आणि अंमलबजावणीची सुरुवात राजधानीतून न करता सर्वांत दूरच्या भागातून केली गेली. दक्षिणेकडे सरकत ती शाळा हेल्सिंकीच्या परिसरात पोहोचली तेव्हा १९७७ उजाडले होते. (आपल्याकडची योजना मुंबईहून निघते, आणि ती आपल्या केंद्रशाळेत पोहोचेपर्यंत मूळ शासन निर्णयच बदललेला असतो.)

आता गंमत पाहा. त्यांच्या कायद्याच्या दोनच वर्षे आधी, १९६६ साली, कोठारी आयोगाने आपल्यालाही हेच सांगितले होते: वस्तीतील सगळ्या मुलांसाठी जवळची एकच समान शाळा, आणि शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे तर आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले. आपण त्या अहवालातून १०+२+३ हा आकृतिबंध उचलला, कारण तो कागदावर उचलता येत होता, आणि समान शाळा कपाटात ठेवून दिली. त्यामुळे त्यांना काही गुपित सापडले आणि आपल्याला ते ठाऊक नव्हते, असे मुळीच समजू नकोस.

समान शाळेच्या जोडीने त्यांनी शिक्षकाकडे पाहिले. शिक्षकांचे प्रशिक्षण विद्यापीठांत नेले आणि १९७९ पासून प्राथमिकच्या वर्गशिक्षकालाही पदव्युत्तर पदवी आवश्यक केली. ही सवय त्यांना जुनीच आहे. १८६३ साली युवास्क्युला या गावी फिनिश भाषेतून शिक्षक घडवणारे पहिले अध्यापक विद्यालय निघाले आणि लोकशाळांचा हुकूम निघाला १८६६ साली. आधी शिक्षक, मग शाळा. नव्या समान शाळेचा पहिला अभ्यासक्रमही जाडजूड आणि तपशीलवार होता. शाळा तपासायला अधिकारी येत, पाठ्यपुस्तके मंजूर करून घ्यावी लागत, आणि गणित व परकीय भाषांच्या तासांना मुलांचे कुवतीनुसार गट पाडले जात. ते गट १९८५ साली गेले. तपासणी आणि पुस्तकांची मंजुरी गेली ती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, म्हणजे पहिली समान शाळा सुरू झाल्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी. तुझ्या चित्रफितीतील ज्या वाक्यावर सभागृहात टाळ्या पडल्या, ‘तिथे शिक्षकावर विश्वास ठेवतात’, ते त्यांच्या कामातील शेवटचे वाक्य आहे. नांगरट नाही, वखराची पाळी नाही, आणि आपण शेजाऱ्याच्या खळ्यावरची रास पाहून आपल्या रानाला शिव्या देतो.

परीक्षा नसतात हेही अर्धेच खरे. तिथले शिक्षक आपापल्या वर्गात चाचण्या घेतातच. नसतात त्या लहान मुलांच्या डोक्यावर बसलेल्या देशव्यापी परीक्षा. उच्च माध्यमिकच्या अखेरीस असलेली त्यांची शालान्त परीक्षा तर १८५२ पासून चालत आलेली आहे. मागे पडणाऱ्या मुलासाठी मात्र विशेष शिक्षक असतो आणि तो मूल नापास होण्याची वाट पाहत नाही. वर्गशिक्षकाला शंका आली की मदत सुरू होते. मुलाला वरच्या वर्गात घालण्यापूर्वी त्याच्या खाली हात धरलेला असतो. आपण वरचे घालणे घेतले आणि खालचा हात विसरलो.

हे मी पुस्तकातून आणलेले शहाणपण नाही. त्याची किंमत मी मोजायला लावली आहे, आणि तीही दुसऱ्या कोणाला. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला तेव्हा मी दोनशिक्षकी शाळेचा मुख्याध्यापक होतो. आठवीपर्यंत कोणाला नापास करायचे नाही, हे कलम वाचून मला मनापासून आनंद झाला होता. फिनलंडवरचा एक लेख मी त्याच सुमारास वाचला होता आणि तो शाळेच्या फलकावर लावलाही होता. सतत सर्वंकष मूल्यमापन करायचे असे त्याच कायद्यात लिहिले होते, पण मी त्याचा अर्थ ‘आता तपासायला नको’ असा घेतला. शनिवारचे प्रकट वाचन मी बंद केले, सराव चाचण्या बंद केल्या, वर्णनात्मक नोंदी मात्र सुंदर अक्षरात भरल्या. चार वर्षांनी एके दिवशी माझ्याच हाताखालून वर गेलेली, तेव्हा शेजारच्या गावी आठवीत शिकणारी एक मुलगी दुपारी घरी आली. तिच्या हातात ऊसतोडीच्या मुकादमाने दिलेली चिठ्ठी होती, वडिलांनी आगाऊ घेतलेल्या उचलीचा हिशेब. ती म्हणाली, “गुरुजी, एवढे वाचून दाखवा.” चिठ्ठीत सहा ओळी होत्या. तिच्या चार वर्षांच्या प्रगतिपत्रकांवर माझी सही होती.

तू म्हणशील, एकट्याने काय काय करायचे? मीही स्वतःला हेच म्हणत आलो आहे. दोन शिक्षक आणि पाच वर्ग, त्यात २०११ ची जनगणना, निवडणुका, खिचडीच्या तांदळाचा हिशेब, आणि बैठकीला तालुक्याला जायचे तर निम्मी शाळा बंद. दिवाळीला गेलेली मुले मार्चच्या अखेरीस परत येत, तोवर वर्गाचे पुस्तक संपत आलेले असे. माझ्या जागी फिनलंडचा पदव्युत्तर शिक्षक आणून बसवला असता तर तो पहिल्या आठवड्यातच बदलीचा अर्ज घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे गेला असता, असे मला आजही वाटते. हे सगळे खरे आहे. आणि तरीही शनिवारचे वाचन बंद करायला मला कोणीही सांगितले नव्हते. ते मी केले.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत, म्हणजे २०२० पर्यंत, मी एकच हट्ट धरला. दर शनिवारी सकाळी प्रत्येक मुलाने माझ्यासमोर एक पान वाचायचे आणि कुठे अडले ते मी वहीत टिपायचे. गुण नाहीत, क्रमांक नाहीत, पालकांना बोलावणे नाही. तळावरून परतलेल्या मुलाला वर्गाच्या पानावर ओढायचे नाही. तो जिथे थांबला होता तिथून त्याला उचलायचे. एका अधिकाऱ्यांनी शाळाभेटीत हा प्रकार मुलांवर ताण आणणारा असल्याचा शेरा मारला. मी त्या शेऱ्याखाली सही केली आणि पुढच्या शनिवारी पुन्हा वाचन घेतले. तू याला परीक्षा म्हण किंवा आणखी काही म्हण, मला फरक पडत नाही. आधी अडलेले कळले पाहिजे, मग परीक्षा काढून टाकण्याच्या गोष्टी.

लाजेबद्दल दोन शब्द. ते लोक जन्मजात सुखी होते असे समजून तुला लाज वाटते. १८६६ ते १८६८ या काळात त्यांच्याकडे असा दुष्काळ पडला की शंभरातील सुमारे आठ माणसे गेली. शतकानुशतके तिथे राज्याची आणि शिक्षणाची भाषा स्वीडिश होती. फिनिश ही शेतकऱ्याची बोली. फिनिश माध्यमाची पहिली माध्यमिक शाळा निघाली ती १८५८ साली. माझे वडील निजामाच्या राज्यात चौथीनंतर थांबले, कारण पुढचे सगळे उर्दूत होते. १९१८ साली हैदराबादला निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. आपण १७ सप्टेंबर १९४८ ला मोकळे झालो, बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले, आणि मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले १९५८ साली. म्हणजे त्यांची सुरुवात आपल्यापेक्षा शंभर वर्षे आधीची आहे, एवढेच; तिच्यापुढे मान खाली घालण्याचे कारण नाही. उलट त्यांचीही घसरण चालू आहे. पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय पिसा चाचणीत २००६ साली गणितात त्यांचे ५४८ गुण होते, ते २०२२ साली ४८४ झाले, आणि ऑगस्ट २०२५ पासून त्यांनाही शाळेतील मोबाइलवर कायद्याने निर्बंध आणावे लागले. आपली गोष्ट काय सांगावी? त्या चाचणीच्या २००९ च्या फेरीत तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश ही दोन राज्ये बसली, यादीच्या तळाशी आली, आणि त्यानंतरच्या फेऱ्यांना आपण बसलोच नाही. सहा वर्षांच्या पोराला परीक्षेला बसवणारा देश स्वतः परीक्षेला बसायला घाबरला.

तू लातूरच्या शिकवणी वर्गातून आलेल्या बोलावण्याचाही उल्लेख केला आहेस, शेवटच्या ओळीत, लाजत लाजत. त्यात लाजण्यासारखे काही नाही. शिक्षणसेवकाच्या सोळा हजारांत तालुक्याच्या गावी खोली, दुचाकीचे पेट्रोल आणि घरी पाठवायचे पैसे कसे बसतात ते मला कळते. शिवाय मी कोणत्या तोंडाने बोलू? माझ्या मुलाला अकरावी-बारावीला मीच लातूरला ठेवले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेचे गुण गाणारा मी, स्वतःच्या पोराच्या वेळी पॅटर्नच्या रांगेत उभा राहिलो. तो अभियंता झाला, चांगला चालला आहे, आणि दिवाळीला घरी आला की दोन दिवसांत काय बोलावे हे आम्हां दोघांनाही सुचत नाही. ते असो. लातूरने आपल्या भागातील हजारो मुलांना दारे उघडून दिली हे मी नाकारत नाही. पण ती मुले तिथे पोहोचतात तेव्हा त्यांना वाचता येत असते. ज्यांना येत नाही ती तुझ्या पटावर आहेत.

फिनलंडला जायचे असेल तर जा. मात्र फुकट शिक्षण समजून जाऊ नकोस. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून तिथे फी आहे. शिष्यवृत्ती आधी पक्की कर, राजीनामा मग. (पाहा, इथेही तेच.) आणि गेलीस तर चकचकीत वर्गखोल्या पाहत वेळ घालवू नकोस. १९७२ ते १९७७ या वर्षांत जे शिक्षक होते त्यांतले कोणी हयात असतील, त्यांना गाठ. गट पाडलेले असताना तुम्ही मागच्या मुलाचे काय करत होता, हे विचार. तपासणी अधिकारी येत असत तेव्हा राग येत असे का, हेही विचार, आणि मला कळव. मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.

पण हा निर्णय उन्हाळ्यानंतर घे. आता जानेवारी आहे. गाळप हंगाम संपला की तुझी अकरा मुले परततील, त्यांच्या पायांत चप्पल नसेल आणि दप्तर तळावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीतच, विसरलेले असेल. ती येण्यापूर्वी उरलेल्या सतरा जणांकडून एकेक पान वाचून घे, म्हणजे परतलेल्यांसाठी तुझा हात मोकळा राहील. परतलेल्यांपैकी कोण कुठे थांबले होते ते तुला आठवत नसेल, तर जाण्यापूर्वीच्या वह्या कपाटात आहेत का ते आजच पाहा. त्या नसतील तर माझ्यासारखीच चूक तूही केलेली आहेस, आणि मग तुला रागवायचा हक्क मला उरत नाही.

माझी शनिवारची वही येत्या मंगळवारी तुझ्या गावाकडच्या एसटीच्या वाहकाकडे देत आहे. साडेअकराला थांब्यावर कोणाला तरी पाठव. पहिली काही पाने पावसात भिजली आहेत. त्यांवर त्या मुलीचे नाव नाही. तेव्हा वही सुरूच झालेली नव्हती.

तुझ्या वडिलांना आशीर्वाद सांग. माझ्या पहिल्या तुकडीत ‘ळ’ वाचायला तीन महिने लावणारा तो एकटाच होता.

तुझा,
गुरुजी