कोचला विचारा : ५७ किलोचं पोरगं अन् बँटमवेटचं स्वप्न

प्रश्न : नमस्कार सर. मी दारव्ह्याकडचा, नाव छापू नका. वय २०. तीन वर्ष झाले बॉक्सिंग करतो, दोनदा स्टेट खेळलो, एकदा ब्रॉन्झ हाय. माह्यं वजन ५७ भरते. एका माणसाचा फोन आला होता, तो म्हणते प्रो मधे ये, तुले बँटमवेटमधे खेळवतो, दीड महिन्यात पहिली फाईट, वजन साडेत्रेपन्न करून ये, पैसे फाईट झाल्यावर. मी जपानच्या इनोउएच्या फाईट रोज मोबाईलवर पाह्यतो, तो बी १९ व्या वर्षी प्रो झाला होता. घरी ४ एकर कोरडवाहू, कापूस अन् तूर. बाबा म्हणते पोलीस भरती दे. काय करू? अन् साडेतीन किलो दीड महिन्यात कमी होते का?

उत्तर : बेटा, तुझं पत्र तीनदा वाचलं. तू सगळ्यात शेवटी जे विचारलंस त्याचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्याच्यावरच आहे. साडेतीन किलो दीड महिन्यात कमी होतात, नक्की होतात. पण ते साडेतीन किलो कशाचे ते बघ ना. तीन वर्ष रोज पळणारं, घरचं शेत करणारं २० वर्षाचं पोरगं, त्याच्या अंगावर चरबी असून असून किती असणार. म्हणजे तू काढशील ते मसल, आणि शेवटच्या दोन दिवसात पाणी.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. मी स्वतः ५४ किलोत खेळायचो, तेव्हा अमॅच्युअरमधे, म्हणजे स्टेट, नॅशनल, ऑलिम्पिकच्या खेळात, बँटमवेट ५४ चं होतं, पुढे ते ५६ झालं, आणि आता वर्ल्ड बॉक्सिंग या जागतिक संघटनेच्या पुरुषांच्या गटात ५० नंतर थेट ५५ आहे. एका नॅशनलला आदल्या दिवशी सकाळी माझं वजन २ किलो २०० ग्रॅम जास्त भरलं. मे महिना, आम्ही उतरलो होतो ती धर्मशाळा, तिची गच्ची नुसती तव्यासारखी तापलेली, आणि मी अंगात दोन स्वेटर, वरून फवारणीला घालतात तसला प्लास्टिकचा कोट चढवून दोरीच्या उड्या मारत होतो. पाणी प्यायचं नाही, फक्त गुळणी करून थुंकायचं. संध्याकाळपर्यंत थुंकी पण येईना. जीभ टाळूला चिकटायची, बोलायला गेलं की चट असा आवाज यायचा, बोटांची टोकं भिजल्यासारखी सुरकुतली होती आणि रात्रभर मला फक्त आमच्या विहिरीतलं पाणी दिसत होतं. सकाळी काट्यावर ५३ किलो ९०० ग्रॅम. सगळ्यांनी पाठ थोपटली, मलाही वाटलं जिंकलो. दुपारी बाऊट. दुसऱ्या राऊंडला डाव्या पोटरीत गोळा आला, असा की मी उजवा मारायला जातोय आणि पाय मागेच राहतोय. समोरचा पोरगा माझ्यापेक्षा काही भारी नव्हता, पण रेफ्रीला बाऊट थांबवावी लागली आणि त्यानं बरोबरच केलं.

आता इनोउए. तू त्याच्या नॉकआऊटच्या क्लिप बघतोस, मी तुला त्याचं वजन बघायला सांगतो. नाओया इनोउए ऑक्टोबर २०१२ मधे प्रो झाला, १९ वर्षाचा होता हे खरं. पण लहानपणापासून बापाच्या हाताखाली शिकलेला, आजही कोच बापच आहे, आणि प्रो व्हायच्या आधी ८० च्या आसपास अमॅच्युअर बाऊट खेळून झालेला. लंडन ऑलिम्पिकच्या क्वालिफायरला फायनलमधे हरला, मग प्रो झाला. तुझ्या किती झाल्या ते मोज, मला नको सांगू, स्वतःच मोज. एप्रिल २०१४ ला सहाव्याच फाईटमधे तो लाईट फ्लायवेटचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, म्हणजे ४९ किलो, आणि त्या फाईटमधे वजन उतरवल्यामुळे त्याच्याही पायात गोळे आले होते! मग त्यानं काय केलं? बेल्ट धरून बसला नाही. मधला फ्लायवेट गटच सोडला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमधे थेट सुपर फ्लायवेटला, ५२ किलोच्या गटात जाऊन तिथला चॅम्पियन झाला. २०१८ मधे बँटमवेटला आला, म्हणजे ११८ पौंड, आपले साडेत्रेपन्न किलो. डिसेंबर २०२२ मधे पॉल बटलरला अकराव्या राऊंडला पाडून बँटमचे चारही बेल्ट, म्हणजे प्रो मधल्या चारही संघटनांची वर्ल्ड टायटलं, एकत्र केले आणि लगेच पुढच्या वर्षी ५५.३ किलोच्या सुपर बँटमला गेला, तिथेही २०२३ संपायच्या आत चारही. अंग वाढत गेलं तसा तो गट बदलत गेला. आणि तुला हा फोनवाला अंग वाढायच्या वयात खाली उतरवतोय.

त्या फोनवाल्याबद्दल मी वाईट बोलणार नाही, मी त्याला ओळखत नाही. पण प्रो बॉक्सिंगचा कारभार कसा चालतो ते समजून घे. प्रत्येक प्रमोटरकडं त्याचे स्वतःचे दोन-चार बॉक्सर असतात ज्यांचा रेकॉर्ड त्याला वाढवायचा असतो, १०-०, १२-० म्हणजे सगळ्या जिंकल्या, एकही हरला नाही, असं दिसलं की पुढं मोठी फाईट मिळते. त्या रेकॉर्डसाठी समोर उभं राहायला कोणीतरी लागतं. दीड महिन्याच्या नोटीसवर, वजन उतरवून, पैसे नंतर, असा जेव्हा फोन येतो तेव्हा बहुतेक वेळा ते समोरचं कोणीतरी म्हणजे तू असतोस. माझ्या हातचा एक पोरगा असाच गेला होता, चार राऊंडची फाईट, डोळ्यावर कापलं, टाके त्याच्या स्वतःच्या पैशानं पडले आणि ठरलेल्या पैशातले अर्धे आजपर्यंत आलेले नाहीत. म्हणून पुन्हा फोन आला तर शांतपणे विचार की समोर कोण आहे, त्याच्या किती फाईट झाल्या, राऊंड किती, लायसन्स आणि ब्लड टेस्ट, एमआरआयचा खर्च कोणाचा, जाण्यायेण्याचं तिकीट कोणाचं, लागलं तर दवाखान्याचं बिल कोण भरणार, मॅनेजर किती टक्के घेणार, आणि हे सगळं कागदावर सही करून देणार का. कागद म्हटल्यावर जो चिडतो त्याच्याकडं जायचंच नाही.

प्रो होऊच नको असं मी म्हणत नाहीये. होण्याआधी अंगात काय असायला पाहिजे ते सांगतोय. अमॅच्युअरमधे तीन मिनिटाचे तीन राऊंड, वेग आणि मोजून पॉईंट. प्रो मधे चारपासून सुरू होऊन सहा, आठ, दहा, बारा. ग्लोव्ह तुझ्या वजनाला ८ औंसचे, म्हणजे तू आत्ता १० चे घालतोस त्यापेक्षा पातळ, लागलेला ठोसा जास्त लागतो. विजेंदर सिंग २०१५ ला प्रो झाला तेव्हा त्याच्या गळ्यात २००८ च्या बीजिंगचं मेडल आधीच होतं. त्याच बीजिंगला आपल्या बँटमच्या अखिल कुमारनं तेव्हाच्या वर्ल्ड चॅम्पियनला, रशियाच्या वोदोप्यानोवला हरवलं होतं, ती बाऊट बघ. ९-९ बरोबरीत सुटली आणि काऊंटबॅकवर, म्हणजे बरोबरी झाल्यावर सगळ्या जजनी नोंदवलेले ठोसे मोजून, अखिलनं घेतली. हात खाली सोडून समोरच्याला बोलावत खेळणारा तो माणूस, पण पायाचं काम बघ.

तुझे बाबा भरतीचं म्हणतात ते तुझ्या बॉक्सिंगच्या विरोधात नाहीये. पोलीस, आर्मी, रेल्वे, तिघांच्याही टीम आहेत, पगार चालू असताना रोज दोन टाईम प्रॅक्टिस मिळते, खुराक मिळतो. राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्यासाठी तुझं ब्रॉन्झचं सर्टिफिकेट अमरावतीच्या विभागीय क्रीडा उपसंचालक ऑफिसातून पडताळून घे, कोणत्या पदाला कोणतं मेडल चालतं तेही तिथेच कळेल. हे काम या महिन्यातच कर, भरती निघाल्यावर धावपळ करणारी पोरं मी दरवर्षी बघतो. आणि ६० किलोत खेळ. हो, ६०. ५७ चा आहेस तर दीड-दोन किलो अंगावर चढव, घरच्या तुरीचं वरण, ज्वारीची भाकर, अंडी, शेंगदाणे, दूध. नॅशनलला मेडल आणलंस की फोन तुला येतील आणि तेव्हा अट तू घालशील. इकडून होत नाही असं मनात आणू नको, नागपूरची अल्फिया पठाण २०२१ ला पोलंडमधून यूथ वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड घेऊन आली, आपल्याच मातीतली पोरगी आहे.

प्रश्न : बँटम म्हणजे काय? आमच्या ग्रूपवर वाद झाला, एक म्हणतो कोंबडा. (गडचिरोली)

उत्तर : कोंबडाच. जावा बेटावर बँटम नावाचं बंदर होतं, तिकडून आलेली म्हणून लहान चणीच्या कोंबड्यांना इंग्रजांनी ते नाव दिलं. तुमच्याकडं कोंबडा बाजारात पाहिलं असेल की कधीकधी लहान कोंबडाच सगळ्यात चिवट निघतो. कोंबडे झुंजवणं बेकायदेशीर आहे आणि मला ते आवडतही नाही, पण नाव आलं ते तिथूनच.

प्रश्न : माझा मुलगा १६ वर्षांचा आहे, ब्रह्मपुरीला शिकतो, तिथेच बॉक्सिंग करतो. पुढे प्रोफेशनल व्हायचं म्हणतो. डोक्याला मार बसून काही झालं तर? मी त्याला अडवू का? खरं सांगा.

उत्तर : ताई, खरंच सांगतो. धोका आहे. जो कोच धोका नाही म्हणतो त्याच्याकडं मुलाला पाठवू नका.

बँटमवेटमधेच जॉनी ओवेन म्हणून वेल्सचा एक पोरगा होता, बारीक, काटकुळा, गावात सगळ्यांचा लाडका. १९ सप्टेंबर १९८० ला लॉस एंजेलिसमधे मेक्सिकोच्या लुपे पिंटोरबरोबर वर्ल्ड टायटलची फाईट झाली. बाराव्या राऊंडला ओवेन पडला तो शुद्धीवर आलाच नाही, ४ नोव्हेंबरला गेला. २४ वर्षाचा होता. पुढे २००२ मधे त्याच्या गावात, मर्थर टिडफिलला, त्याचा पुतळा उभा राहिला आणि तो उघडायला त्याच्या वडिलांनी कोणाला बोलावलं माहितीये? पिंटोरला. ज्याच्या ठोशानं पोरगा गेला त्याला. मी हे वाचलं तेव्हा दोन दिवस ट्रेनिंगला उभा राहू शकलो नव्हतो. १९८२ मधे कोरियाचा किम डुक-कू असाच गेला, त्याच्यानंतर वर्ल्ड टायटलच्या फाईट १५ राऊंडवरून १२ वर आल्या.

अडवा असं मी म्हणणार नाही, कारण अडवलेली पोरं लपून खेळतात आणि ते जास्त वाईट. पण काही गोष्टींवर अडून बसा. स्पॅरिंग, म्हणजे सरावात समोरासमोर ठोसे मारत खेळणं, रोज नको, आठवड्यात दोनदा खूप झालं, आणि आपल्यापेक्षा दहा किलो जड पोराबरोबर अजिबात नको. हेडगार्ड घालूनही मेंदूला हादरा बसतोच, ते कापण्या-फुटण्यापासून वाचवतं, हादऱ्यापासून नाही. डोक्याला मार लागून बाऊट थांबली तर किमान ३० दिवस रिंगबाहेर राहायचा नियम आहे, तो कोच पाळतो का ते तुम्ही स्वतः जाऊन बघा. आणि घरी आल्यावर उलटी झाली, डोकेदुखी वाढत चालली, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसली, बोलताना अडखळला किंवा नको इतकी झोप यायला लागली, तर थकला असेल, झोपू दे असं करू नका, रात्र असो की पाऊस, गाडी काढून जिथं सीटी स्कॅन आहे तिथं घेऊन जा.

प्रश्न : गावात जिम नाही. पोत्यात वाळू भरून बॅग केली तर चालते का सर?

उत्तर : वाळू नको. ती खाली बसते, दगडासारखी होते आणि मनगट जातं, माझं डावं मनगट त्याच्यानंच गेलं. बारदान्याचं पोतं घे, एकात एक दोन घाल, आत जुन्या लुगड्याच्या, चादरीच्या चिंध्या दाबून दाबून भर, बटणं आणि चेन कापून टाक. वजन आपल्या अर्ध्याच्या आसपास ठेव. कडूनिंबाच्या जाड फांदीला लटकव, फांदीवर दोराखाली सायकलचा जुना ट्यूब गुंडाळ म्हणजे दोर झिजत नाही. हाताला पट्टी बांधल्याशिवाय मारायचं नाही, आईच्या जुन्या सुती लुगड्याची चार बोटं रुंद, चार-साडेचार मीटर लांब पट्टी फाडून घे, आधी अंगठा, मग मनगट, मग बोटांचे सांधे. पावसाळ्यात रात्री बॅग उतरवून घरात ठेव, ओली चिंधी सुकत नाही.